घर दोघींचं, कागद आधी



मागच्या महिन्यात उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात एका तरुणाने आम्हाला गाठलं. तो आणि त्याचा मित्र दोघंही उद्यमबागेत नोकरीला आहेत, सात-आठ वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत राहतात. "तुम्ही दोघींनी घेतलं तसं आम्हीही मिळून घर घ्यावं का?" असं त्याने विचारलं. आम्ही तोंड उघडायच्या आत शेजारी चहा घेत उभ्या असलेल्या काकांनी उत्तर देऊन टाकलं, "मैत्री टिकवायची असेल तर मधे पैसा आणू नये बाबा." काका वयाने मोठे, म्हणून तिथे आम्ही गप्प बसलो. इथे बसणार नाही.

या पानावर एरवी रविवारच्या वचनावर लिहिलं जातं. आज घराबद्दल लिहायचं आहे, आणि घर दोघींचं आहे म्हणून लेखही दोघींचा. एकीने लिहिलाय, दुसरीने खाडाखोड केलीय. आम्हाला मंडळीत मोठी आणि धाकटी असंच म्हणतात, तेच इथेही चालेल. मोठी नर्स आहे, वय ४७. धाकटी शाळेत शिकवते आणि रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते, वय ४१. दोघी अविवाहित. निदान हा लेख लिहीपर्यंत तरी.

आधी भाड्याविषयी. भाड्याने राहण्यात काही कमीपणा नाही, आणि घर विकत घेणं म्हणजे देवाचा विशेष आशीर्वाद असंही आम्ही मानत नाही. अब्राहाम आयुष्यभर तंबूत राहिला. पण बेळगावात दोन अविवाहित बायकांनी भाड्याने राहणं हे तंबूपेक्षा अवघड आहे. अकरा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली. वर्षावरच्या भाडेकराराची नोंदणी करावी लागते, म्हणून सगळे करार अकरा महिन्यांचे, आणि दर अकरा महिन्यांनी मालकाच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. एका मालकीणबाईंनी मटण-मासळीचं आधीच विचारून घेतलं, ते ठीक. दुसऱ्यांनी, नाइट ड्यूटीहून सकाळी घरी येणारी बाई शेजाऱ्यांना बरी दिसत नाही, असं सांगितलं. तिसऱ्या घरात आमच्याकडे महिन्यातून एकदा घरसभा व्हायची, बारा-पंधरा माणसं, तीन गीतं, एक तासाची प्रार्थना. मालकांनी पेटी वाजवायला बंदी केली, मग गाण्याला, मग चपला जिन्यावर काढायला. त्या दिवशी शेवटचं गीत आम्ही ओठांतल्या ओठांत म्हटलं. घर सोडायचं तेव्हाच ठरलं.

एकदा लीजवरही राहून बघितलं. आपल्याकडची ही पद्धत बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना रक्कम परत. ऐकायला छान वाटतं. आमची रक्कम परत मिळायला घर सोडल्यावर चौदा महिने लागले.

तेव्हा २०१७ साली टिळकवाडीच्या पुढे, तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला एका इमारतीतला सर्वांत वरचा, दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही मिळून घेतला. किंमत ३२ लाख. एकटीला तो दोघींपैकी कुणालाच झेपला नसता. मोठीचे साठवलेले ८ लाख, धाकटीचे ४ लाख आणि २० लाखांचं कर्ज. पहिल्या दोन बँकांत "नातं काय?" या रकान्यापाशी गाडी अडली. नवरा-बायको, आई-मुलगा, भाऊ-भाऊ चालतात, मैत्रिणी चालत नाहीत. एका अधिकाऱ्याने तर, बहिणी आहोत असं लिहून द्या, असा सल्ला दिला. तो आम्ही ऐकला नाही. तिसऱ्या बँकेने दोघींचे पगार, दोघींच्या सह्या आणि बरेच हेलपाटे घेऊन कर्ज दिलं.

भाड्यापेक्षा हप्ता स्वस्त पडतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधीचं भाडं ९ हजार होतं, हप्ता सुमारे १९ हजार ७०० बसला. शिवाय सोसायटीचा खर्च, घरपट्टी, आणि सुरुवातीचं मुद्रांक शुल्क व नोंदणी. पहिली दोन वर्षं नाताळची नवी साडी दोघींनीही घेतली नाही. हे सगळं आम्ही त्या तरुणाला सांगितलंय.

आता मुख्य गोष्ट. खरेदीपत्र करायला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "हिस्सा किती टक्के लिहू?" आम्ही मोठ्या कौतुकाने सांगितलं, "निम्मं-निम्मं लिहा की. आम्ही बहिणींसारख्या आहोत." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बँकेच्या नोंदी वेगळं सांगतात," म्हणाले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम आहे, हे तिथे कळलं. दोघांनी आपापल्या पैशांनी मिळून मालमत्ता घेतली आणि दुसरं काही ठरवलं नसेल, तर ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर समान हिस्सा धरतात. म्हणजे कागदावर गोड बोलून उद्याच्या भांडणाची सोय करायची, की आजच खरं लिहायचं, एवढाच प्रश्न होता. कर्जाचा निम्मा-निम्मा भार धरला तर मोठीचे १८ लाख आणि धाकटीचे १४. आम्ही ५६ आणि ४४ टक्के लिहिलं.

घरी येताना धाकटी रिक्षात जरा गप्प होती. ४४ हा आकडा तिला लागला होता. (हे वाक्य मोठीने घातलंय. धाकटीने खोडलेलं नाही.) त्या रात्री आम्ही प्रेषितांची कृत्ये काढून हनन्या आणि सप्पीरा यांचा वृत्तांत वाचला. लहानपणापासून आम्ही तो कंजूषपणाची शिक्षा म्हणूनच ऐकला होता. पण पेत्र त्यांना कमी दिल्याबद्दल बोलत नाही. जमीन त्यांची होती, विकल्यावर आलेला पैसाही त्यांच्याच हातात होता, असंच तो म्हणतो. त्यांनी थोडं देऊन सगळं दिल्याचं दाखवलं, तिथे गाडी बिघडली. १४ लाख घालून १६ लाखांचा हिस्सा लिहून घेणं यापासून किती लांब आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं. धाकटीने ठरवलं आणि झोपली.

खरेदीपत्राखेरीज वकिलांनी आम्हाला आणखी एक सहमालकीचा करारनामा करायला लावला. कुणी घर सोडलं तर काय, हप्ता थकवला तर काय, आजारी पडलं, बदली झाली, लग्न केलं, वारलं तर काय. आठ पानं झाली. खरेदीपत्र कन्नडमध्ये होतं. आम्ही दोघी कन्नड बोलतो, पण सरकारी कन्नड वाचायला गेलो की दुसऱ्या ओळीला दम लागतो. म्हणून वकिलांनी ते ओळ-ओळ मराठीत वाचून दाखवलं. करारनाम्याबद्दल मंडळीत कळलं तेव्हा काकांसारखेच अनेकजण बोलले. "एकमेकींवर विश्वास नाही का? विश्वासणाऱ्यांना कागद कशाला?"

यावर आमचं मत स्पष्ट आहे. दर रविवारी काखेत जुना करार आणि नवा करार घेऊन चर्चला येणाऱ्या माणसांनी करार या शब्दाला अविश्वास म्हणू नये. आपल्या पवित्र शास्त्राच्या दोन्ही भागांचं नावच करार आहे. देवाने नोहाशी करार केला, अब्राहामाशी केला. त्याला त्यांच्यावर संशय होता म्हणून का? आणि मैत्रीच बघायची तर योनाथान आणि दावीद यांच्याइतकी मैत्री शास्त्रात दुसरी नाही. त्या दोघांनीही नुसतं मनात ठेवलं नाही. परमेश्वराला साक्षी ठेवून करार केला आणि त्यात एकमेकांच्या मुलाबाळांचाही विचार केला. पुढे योनाथान लढाईत पडला. किती वर्षांनी दावीदाने चौकशी केली, योनाथानाच्या घराण्यातलं कुणी उरलंय का, आणि पायांनी लंगडा असलेला मफीबोशेथ राजाच्या पंक्तीला येऊन बसला. आधी दिलेला शब्द नसता, तर शौलाच्या नातवाला शोधण्याचं राजाला काय कारण होतं?

कागदपत्रांचा सगळ्यात सविस्तर उतारा यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात आहे. त्यावर प्रवचन आम्ही क्वचितच ऐकलंय. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि तो चुलतभावाकडून अनाथोथमधलं शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. खत लिहितो, सही करतो, शिक्का मारतो, साक्षीदार बोलावतो. एक मोहोरबंद प्रत, एक उघडी प्रत, आणि दोन्ही पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला बारुखाला सांगतो. शहर पडणार हे त्यालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. विकणारा परका नव्हता, सख्ख्या चुलत्याचा मुलगा होता. तरी एकही पायरी गाळली नाही. आमचं मातीचं भांडं म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, देवघरातल्या कपाटात वरच्या कप्प्यात. देवघर म्हणजे प्रार्थनेची खोली. शेजारच्या काकू तसं म्हणायच्या, आम्हीही म्हणू लागलो.

कागद केल्याने भांडणं होत नाहीत असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पूर आला होता, त्या पावसात आमचं छत गळलं. दुरुस्तीला ६४ हजार लागले. करारनाम्यात "दुरुस्तीचा खर्च दोघींनी करावा" एवढंच होतं. धाकटी म्हणाली, हिश्शाप्रमाणे. मोठी म्हणाली, दोघी सारख्याच भिजलो, निम्मा. तीन दिवस बोलणं बंद होतं. रात्री जेवायच्या आधी डोळे मिटून एकत्र प्रार्थना आणि डोळे उघडले की अबोला. चौथ्या दिवशी नवव्या पानावर लिहून सह्या केल्या. जे इमारतीत कायम राहील, म्हणजे छत, वायरिंग, पाइप, त्याचा खर्च हिश्शाप्रमाणे. जे वापरून संपतं, म्हणजे गॅस, लाइट, कामवाल्या मावशींचा पगार, ते निम्मं. त्यानंतर या विषयावर भांडण नाही. दुसऱ्या विषयांवर आहे.

मरणाचं बोलायला लोकांना आवडत नाही, पण ख्रिस्ती माणसाला तरी त्याची लाज वाटू नये. मित्रांनी मिळून घेतलेल्या घरात एकजण गेला तर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याला मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. अविवाहित माणूस असेल आणि वडील हयात असतील तर सगळं वडिलांना, ते नसतील तर आई आणि भावंडांना सारखं. म्हणजे मोठी उद्या गेली असती, तर धाकटीच्या स्वयंपाकघरात मोठीची आई, दोन भाऊ आणि एक बहीण मालक म्हणून उभे राहिले असते. ती माणसं चांगली आहेत, पण चार आहेत. त्यांनी हिस्सा तिऱ्हाइताला विकला असता तर तो तिऱ्हाईतही आत आला असता. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराला बाहेरच्या खरेदीदारापासून कायदा जे संरक्षण देतो, ते मैत्रिणींच्या घराला नाही. फ्लॅट मधोमध चिरता येत नाही, तेव्हा वाटणीचा दावा झाला तर घर विकून पैसे वाटण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून २०१८ मध्ये आम्ही दोघींनी दोन-दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रं केली. दुसरीला घरात राहता येईल आणि माहेरच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे सवडीने मिळतील, अशी. सही करण्याआधी दोन्ही घरच्यांना बोलावून जेवायला घातलं आणि मजकूर वाचून दाखवला. मोठीच्या धाकट्या भावाचा चेहरा जरा पडला, पण नंतर त्यानेच पंखा बसवून दिला.

गोव्यातल्या वाचकांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. तिथला वारसा कायदा वेगळा आहे. ठरावीक वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखलेली असते, ती मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. तिथल्या वकिलांनाच विचारावं.

आणि आता जे सांगायचं म्हणून खरं तर हा लेख लिहायला घेतला ते. या जूनमध्ये मोठीचं लग्न ठरलं. हुबळीच्या मंडळीतले एक विधुर गृहस्थ आहेत. ४७ व्या वर्षी मुलगी सासरी जाणार म्हणून महिला समाजात केवढा आनंद झाला! आम्हालाही झाला. दुसऱ्या दिवशी मोठीने बिस्किटांचा डबा काढला, करारनाम्यातलं सहावं कलम वाचलं, आणि धाकटीला लेखी पत्र दिलं. एकाच ओट्यापाशी उभं राहून एकीने दुसरीला पोच मागायची, हा प्रसंग विनोदी होता. धाकटीने सही केली आणि मग चहाचं आधण उतू जाईपर्यंत रडली.

कलमाप्रमाणे सहा महिन्यांची मुदत आहे. दोन वेगवेगळ्या माणसांकडून घराची किंमत काढायची, त्यांची सरासरी धरायची, राहणारीला पहिला हक्क, पैसे चार वार्षिक हप्त्यांत. किंमत ५२ लाख निघाली. मोठीचे ५६ टक्के म्हणजे २९ लाखांच्या वर, त्यातून उरलेल्या कर्जाचा तिचा निम्मा भाग वजा केला तर २३ लाखांच्या आतबाहेर. धाकटीकडे एवढे पैसे नाहीत. वर्षाला पावणेसहा लाख हेही तिच्या पगारातून निघणारे नाहीत.

शिवाय दोन गोष्टी आमच्या आठ पानांत नव्हत्याच. पहिली कर्जाची. संयुक्त कर्जात प्रत्येकीवर सगळ्या कर्जाची जबाबदारी असते. घर सोडलं म्हणून बँक नाव सोडत नाही. धाकटीच्या एकटीच्या पगारावर बँक मोठीला मोकळं करायला तयार नाही. दुसऱ्यासाठी जामीन राहू नको, असं नीतिसूत्रांत किती वेळा सांगितलंय! आम्ही ते कधी स्वतःला लावून बघितलं नव्हतं. हुबळीच्या गृहस्थांनी सौम्यपणे, पण विचारलंच, "लग्नानंतरही हे कर्ज तुमच्याच नावावर राहणार का?" त्यांचं काही चुकलं नाही. दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. वारसा कायद्याप्रमाणे आपलं, म्हणजे ख्रिस्ती माणसाचं, आधीचं मृत्युपत्र लग्न केल्याबरोबर रद्द होतं. हिंदूंना हा नियम लागू नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून हे कळत नाही. मोठीने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवं मृत्युपत्र करायचं, असं ठरलंय. मधुचंद्राला उपनोंदणी कार्यालय, अशी थट्टा चालू आहे. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नसते, पण थट्टेला कोण अडवणार.

काकांना यात आपलं म्हणणं खरं झालेलं दिसेल. आम्हाला तसं वाटत नाही. आठ वर्षं आमच्या घरात गाणं झालं, पेटी वाजली, २०२० मध्ये मोठी कोविड वॉर्डात असताना विलगीकरणासाठी तिला स्वतःची खोली होती, आणि कुणी मालक दारात येऊन उभा राहिला नाही. भाड्यात गेले असते ते पैसे भिंतींत आहेत. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा भावाला, पाळकसाहेबांना किंवा कोर्टाला न विचारता काय करायचं ते आम्हाला माहीत होतं, दोन गोष्टी सोडून. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांची भांडणं झाली तेव्हा वडीलधाऱ्या अब्राहामाने पुतण्याला आधी निवडायला सांगितलं आणि दोघं वेगळे झाले. पुढे लोट पकडला गेला तेव्हा ३१८ माणसं घेऊन त्याला सोडवायला तोच धावला. आपण त्या वेगळं होण्याकडे नेहमी फक्त लोटाच्या लोभाची गोष्ट म्हणून बघतो.

मंडळीकडून आमची एक अपेक्षा आहे. विवाहपूर्व समुपदेशन आपण करतो. दोन अविवाहित भावांनी किंवा बहिणींनी, किंवा दोन मित्रांच्या कुटुंबांनी मिळून घर घ्यायचं ठरवलं तर "बघा बुवा" म्हणून मान हलवण्याऐवजी पाळक आणि दोन जाणती माणसं त्यांच्यासोबत एक संध्याकाळ बसू शकतात. दोघांच्या डोक्यावर किती कर्ज आहे ते उघड्यावर सांगायला लावावं. ते सांगताना जो चाचरतो त्याच्यासोबत घर घेऊ नये, एवढं त्या एका संध्याकाळीच कळेल. यिर्मयाचे साक्षीदार पहारेकऱ्यांच्या चौकात बसलेल्या यहुद्यांच्या देखत सह्या करत होते. आमच्या करारनाम्यावर साक्षीदार म्हणून वकिलांच्या कारकुनाने सही केली, कारण मंडळीतल्या ज्या दोघांना विचारलं त्यांनी "उगाच कशाला मधे" म्हणून टाळलं. ते आम्ही विसरलो आहोत, असं लिहिलं तर ते हनन्याच्या पंक्तीला जाऊन बसेल.

त्या तरुणाला आम्ही करारनाम्याची झेरॉक्स दिली आहे, आकडे खोडून. त्यात दोन कलमं हाताने वाढवली. जाणाऱ्याचं नाव कर्जातून किती दिवसांत आणि कसं काढायचं, आणि ते निघत नसेल तर घर विकायचं की तिसरा माणूस घ्यायचा. लग्न झालं तर मृत्युपत्र पुन्हा करायचं.

आमचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. मंडळीतल्या एका विधवा बहिणीने विचारणा केली आहे. तिची पेन्शन आहे आणि मुलगा पुण्याला स्थायिक झालाय. ती मोठीचा हिस्सा घेऊ शकेल, पण तिच्या वयाला बँक कर्जात घेईल का, याचं उत्तर पुढच्या आठवड्यात येणार आहे. ते नाही आलं तर घर विकायला काढू आणि धाकटी पुन्हा अकरा महिन्यांच्या करारावर जाईल. तोपर्यंत मोठी रात्रपाळीहून आली की बेल वाजवत नाही. तिच्याकडे किल्ली आहे, आणि सातव्या कलमाप्रमाणे शेवटचा पैसा मिळेपर्यंत ती तिने परत द्यायची नाही.